युनियनमुळे पगारातली तफावत घटते की वाढते?

रबाळे एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात नुकत्याच कमिटीवर निवडून आलेल्या तरुणाचा प्रश्न असा आहे: "आमच्याकडे युनियन आहे. मागच्या करारात सगळ्यांना सरसकट सारखीच वाढ मिळाली. वीस-वीस वर्षं मशीन चालवणारे म्हणतात, आमच्या कौशल्याची किंमतच राहिली नाही. त्याच मशीनवर शेजारी उभा असलेला कंत्राटी मुलगा म्हणतो, मला तर काहीच मिळालं नाही. मग युनियन कामगारांमधली तफावत कमी करते की वाढवते?"

दोन्ही करते, आणि एकाच करारात, एकाच सहीने करते. वागळे इस्टेट, कोलशेत, रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात मी आयुष्यभर कामगारांच्या बाजूने वाटाघाटीला बसत आलो आहे. युनियनच्या हद्दीत जे येतात त्यांच्यातली तफावत हटकून कमी होते. हद्दीबाहेर जे राहतात त्यांच्याशी असलेली तफावत बहुतेक वेळा वाढते. म्हणून तुमच्या प्रश्नाचं उत्तर युनियन किती लढाऊ आहे यावर फारसं अवलंबून नाही, ती कोणाला आपला सभासद मानते यावर आहे.

आधी हद्दीच्या आतलं पाहू. युनियन नसलेल्या कारखान्यात पगार माणसाचा ठरतो, कामाचा नाही. एकाच लेथवर बसणाऱ्या दोघांच्या पगारात चार-पाच हजारांचा फरक असतो आणि त्याचं कारण कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी भरतीच्या वेळी जास्त मागितले, कोणावर सुपरवायझरची मर्जी आहे, कोणी साहेबाच्या गावचा. पगार कोणाला सांगायचा नाही अशी सक्त ताकीद असते, त्यामुळे हा फरक वर्षानुवर्षं दडून राहतो. युनियन आली की पहिली मागणी ग्रेडची असते: अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल. प्रत्येक ग्रेडचं बेसिक ठरतं, वार्षिक इन्क्रिमेंट ठरतं, जुन्या माणसाचं फिटमेंट कसं करायचं, म्हणजे त्याला नव्या ग्रेडमध्ये कुठे बसवायचं, ते ठरतं आणि करार नोटीस बोर्डावर लागतो. शेजाऱ्याचा पगार कळणं ही साधी गोष्ट वाटेल, पण मनमानी फरकांपैकी निम्म्याहून अधिक तिथेच संपतात असं माझं मत आहे. ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कमध्ये एकाच टीममधल्या दोघांच्या पगारात दुप्पट-तिप्पट अंतर असू शकतं आणि कोणाला पत्ताही नसतो. तिथे ग्रेडची यादी भिंतीवर लावायला लावणारं कोणी नाही.

दुसरी गोष्ट सरसकट वाढीची. ती नेमकी काय करते हे हिशेब मांडल्याशिवाय कळत नाही. आकडे समजण्यासाठी घेतो. खालच्या ग्रेडचा कायम कामगार २२,००० रुपये घेतो आणि वरच्या ग्रेडचा ४४,०००. म्हणजे वरचा खालच्याच्या बरोबर दुप्पट. तीन वर्षांच्या करारात दोघांनाही ९,००० वाढ मिळाली. खालचा ३१,००० वर गेला, वरचा ५३,००० वर. आता वरचा खालच्याच्या १.७१ पट. असेच आणखी दोन करार झाले तर ४९,००० आणि ७१,०००, म्हणजे १.४५ पट. रुपयांतला फरक २२,००० चा २२,००० च राहिला, पण त्या फरकाची किंमत घटत गेली. उलट पहिल्या कराराचे दोघांचे मिळून १८,००० टक्केवारीने वाटले असते, तर खालच्याला ६,००० आणि वरच्याला १२,००० मिळाले असते. २८,००० आणि ५६,०००, गुणोत्तर जसंच्या तसं दोन. मालकाच्या खिशातून दोन्ही वेळा तेवढेच पैसे जातात. ते कसे वाटायचे हा निर्णय मोठ्या प्रमाणात युनियनचा असतो, आणि गेट मीटिंगमध्ये, म्हणजे कारखान्याच्या दारावर भरणाऱ्या कामगारांच्या सभेत, बहुमत खालच्या-मधल्या ग्रेडचं असल्यामुळे कौल सरसकट वाढीकडे झुकतो.

महागाई भत्त्यानेही हेच काम केलं आहे, तेही गाजावाजा न करता. आपल्या पट्ट्यातल्या अनेक जुन्या करारांत मुंबईच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या प्रत्येक अंकाला ठरावीक रक्कम मिळायची, शिपायालाही तेवढीच आणि टूलरूममधल्या कारागिरालाही तेवढीच. महागाई भडकलेल्या वर्षांत हा भत्ता बेसिकच्या वर जायचा आणि कोणी मागणी न करताही ग्रेडमधलं अंतर आकसायचं. ही पद्धत टोकाला गेली की काय होतं ते इटलीने पाहिलं आहे. तिथे १९७५ मध्ये कामगार संघटना आणि मालकांचा महासंघ यांच्यात करार झाला की निर्देशांकाच्या प्रत्येक अंकाला सर्वांना एकच रक्कम मिळेल. त्या काळात तिथे महागाई प्रचंड होती, त्यामुळे पाच-सहा वर्षांतच फोरमन आणि हाताखालचा कामगार यांच्या पगारातलं अंतर खूपच घटलं. ऑक्टोबर १९८० मध्ये ट्युरिनला फियाटमध्ये नोकरकपातीविरुद्ध संप चालू असताना फोरमन, तंत्रज्ञ आणि कारकून संपाच्या विरोधात रस्त्यावर उतरले. चाळीस हजारांचा मोर्चा म्हणून तो ओळखला जातो. त्यांच्या रागामागे पगारातलं अंतर आकसणं हेही एक कारण होतं. संप मोडला, आणि पुढे १९९२ मध्ये ती भत्त्याची पद्धतही बंद झाली.

म्हणून वीस-वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या तुमच्या लोकांचं म्हणणं उडवून लावू नका. कुशल माणसाला आपली किंमत होत नाही असं वाटायला लागलं की मॅनेजमेंटला वेगळा रस्ता सापडतो. ती त्याला बढतीचं पत्र देते, पदाचं नाव बदलून 'असिस्टंट ऑफिसर' करते आणि युनियनच्या कक्षेबाहेर काढते. पगार पाच हजारांनी वाढतो, ओव्हरटाइम बंद होतो आणि युनियनचा अनुभवी माणूस जातो. हे थांबवायचं असेल तर वाढीचे दोन भाग करा. सुमारे सत्तर टक्के सर्वांना सारखे, उरलेले तीस टक्के ग्रेड आणि सेवावर्षांनुसार. हे प्रमाण काही शास्त्रात सांगितलेलं नाही, पण या पट्ट्यात दोन्ही बाजूंना गळी उतरणारं असं हेच मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. खालच्या माणसाचं पोट भरतं आणि वरच्याचा मान राहतो.

आता हद्दीबाहेरचं. माझा जीव खरा इथे अडकतो.

वरच्याच हिशेबात कंत्राटी मुलाला आणू. करार होताना तो १५,००० घेत होता. तीन वर्षांत किमान वेतनाचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी थोडा थोडा वाढला आणि तो १८,००० वर आला असं धरू. कराराआधी खालच्या ग्रेडचा कायम कामगार त्याच्या १.४७ पट घेत होता, करारानंतर १.७२ पट. वरच्या ग्रेडचा कायम कामगार आधी त्याच्या २.९३ पट होता, नंतर २.९४ पट. नीट पाहा. शॉप फ्लोअरवरच्या सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या माणसातलं हे गुणोत्तर जवळजवळ हललंच नाही. कायम कामगारांच्या आतलं अंतर जेवढं कमी झालं, तेवढं ते गेटवर, म्हणजे कायम आणि कंत्राटी यांच्या सीमेवर जाऊन बसलं. तुमच्या मागच्या करारात हेच झालं आहे.

हे एखाद्या युनियनच्या स्वार्थीपणाने होतं असं म्हणून भागत नाही, कायद्याने हद्दच तशी आखली गेली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत, ठेकेदाराच्या परवान्याच्या अटींमध्येच लिहिलेलं होतं की मूळ मालकाच्या कामगारासारखंच काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला त्याच्याएवढंच वेतन द्यावं. कागदावर अट उत्तम. पण काम 'तसंच' आहे हे सिद्ध करायचं कोणी आणि कुठे? २००१ साली सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले आणि दोन्ही कंत्राटी कामगारांना जड गेले. स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की एखाद्या कामात कंत्राट पद्धत बंद केली म्हणून तिथले कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. सिप्लाच्या खटल्यात सांगितलं की आधी मालक-नोकर नातं सिद्ध झाल्याशिवाय महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्याखाली कंत्राटी कामगाराला तक्रारच करता येणार नाही. आपल्याकडे कामगारांच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार तोच कायदा होता. ठाण्याच्या औद्योगिक न्यायालयात कायम कामगाराला ज्या दाराने आत जाता येत होतं, ते दार कंत्राटी कामगाराला बंद झालं. २०१६ मध्ये पंजाबच्या खटल्यात न्यायालयाने सरकारी खात्यांतल्या हंगामी कर्मचाऱ्यांना समान कामासाठी समान वेतनाचा हक्क स्पष्ट शब्दांत दिला. पालिका आणि परिवहन सेवांतल्या कंत्राटी लोकांना त्याचा आधार मिळाला, पण खासगी कारखान्याच्या ठेकेदाराकडच्या मुलापर्यंत तो पोचत नाही.

शिवाय १९७१ च्या त्याच कायद्याने युनियनला मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने वाटाघाटीचा अधिकार, मिळवायला कंपनीच्या कामगारांपैकी किमान तीस टक्के सभासद लागत. ही गणती कंपनीच्या हजेरीपटावरच्या माणसांची. ठेकेदाराचा माणूस मोजणीतच नसल्यामुळे त्याला सभासद करून युनियनला मान्यतेच्या दृष्टीने काही मिळत नसे. इकडे देशभरातल्या कारखान्यांत कंत्राटी कामगारांचं प्रमाण २००० सालाच्या आसपास सुमारे पाचात एक होतं, ते आता दहांत चारपर्यंत गेलं आहे. युनियनची हद्द तेवढीच राहिली आणि बाहेरची माणसं दुपटीने वाढली.

अमेरिकेतल्या अभ्यासाचा दाखला देऊन युनियन विषमता घटवते असं सांगणारे लोक भेटतात, म्हणून थोडं त्याबद्दल. रिचर्ड फ्रीमन या अर्थतज्ज्ञाने १९८० च्या सुमारास दाखवलं की युनियनचे दोन उलटे परिणाम असतात. सभासद आणि बिगरसभासद यांच्यातलं अंतर वाढतं, सभासदांच्या आपसातलं अंतर आणि कामगार व कारकून यांच्यातलं अंतर घटतं. दोन्हींची बेरीज केली तर घट मोठी भरते. निष्कर्ष त्या देशापुरता पक्का आहे. पण तिथे १९५० च्या दशकात जवळजवळ एक तृतीयांश कामगार युनियनमध्ये होते, आपल्याकडे दहातले नऊ कामगार असंघटित क्षेत्रात आहेत. आतली माणसं इतकी थोडी असताना ती बेरीज इथे तशीच येईल असं मानणं चूक आहे.

कारखान्या-कारखान्यांतली तफावत हा आणखी एक पदर. आपल्या पट्ट्यात करार प्रत्येक कंपनीत वेगळा होतो. वागळे इस्टेटमध्ये एका भिंतीला लागून दोन कारखाने, एकात औषध कंपनीचा नफा आणि जुनी युनियन, दुसऱ्यात वीस माणसांचं वर्कशॉप. फिटरचं काम एकच, पगार निम्मा. मुंबईच्या गिरण्यांत असं नव्हतं. तिथे १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्यापासून सगळ्या गिरण्यांसाठी एकच प्रमाणित वेतन ठरलं होतं. साच्यावरचा, म्हणजे मागावरचा, माणूस कोणत्या गिरणीत आहे यावर त्याचा पगार ठरत नव्हता. पण संपूर्ण उद्योग एका पातळीवर आला तरी तो शेजारच्या उद्योगाच्या मागे पडू शकतो. दत्ता सामंतांनी इंजिनिअरिंग आणि रसायनांच्या कारखान्यांत एकेका कंपनीशी भिडून मोठमोठ्या वाढी मिळवून दिल्या, त्या बघूनच गिरणी कामगार त्यांच्याकडे गेले. १८ जानेवारी १९८२ चा संप बोनसच्या वादातून पेटला, पण ठाणे-बेलापूर रोडवरच्या कामगाराला मिळतं ते आम्हाला का नाही, ही सल त्याच्या मुळाशी होती.

स्वीडनमध्ये ही तफावतही मोडायचा प्रयत्न झाला. तिथल्या कामगार महासंघाचे अर्थतज्ज्ञ रेन आणि माइडनर यांनी १९५१ मध्ये धोरण मांडलं: सारख्या कामाला देशभर सारखं वेतन, कंपनी नफ्यात असो वा नसो. ज्या कंपनीला ते परवडणार नाही ती बंद पडेल, आणि तिथल्या माणसाला नवं काम शिकवून दुसरीकडे लावायची जबाबदारी सरकारची. १९८३ मध्ये इंजिनिअरिंगमधल्या मालकांनी आणि धातू कामगारांच्या संघटनेने वेगळा करार केला आणि देशव्यापी वाटाघाटीला तडा गेला. तोवर तिथल्या वेतनातलं अंतर जगातल्या सगळ्यात कमी अंतरांपैकी एक झालं होतं. आपल्याकडे त्याचा पहिला अर्धा भाग उचलायचा आणि दुसरा सोडायचा असं करता येणार नाही. वागळेतलं वर्कशॉप बंद पडलं तर तिथला पंचेचाळिशीतला टर्नर कुठे जाणार, याची सोय आधी लागते.

मात्र हद्द गेटवरच आखायला हवी असं नाही, याचा पुरावा तुर्भ्यात आहे. वाशीच्या एपीएमसीतल्या कांदा-बटाटा मार्केटला किंवा दाणाबंदरला जाऊन बघा. माथाडी कामगार कोणा एका व्यापाऱ्याचा नोकर नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. नेहमीच्या कायद्याने त्याला मालकच नव्हता. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला आणि हद्द दुकानाच्या दारावरून उचलून सगळ्या बाजाराभोवती आखली गेली. व्यापारी आणि कामगार दोघांची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळात जमा, तिच्यावर व्यापाऱ्याने भरायची ठरावीक टक्के लेव्ही, आणि त्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, बोनस, रजा, औषधोपचार. टोळीने उचललेल्या मालाची मजुरी टोळीत वाटली जाते, त्यामुळे टोळीच्या आत अंतर जवळजवळ नसतं. सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. धंदा जोरात असलेल्या गाळ्यांवरची टोळी आणि मंदीतल्या गाळ्यांवरची टोळी यांच्या कमाईत मोठा फरक पडतो, आणि नोंदणी नसलेला माणूस त्याच बाजारात कमी पैशात पाठीवर गोणी घेतो. पण ज्याला मालकच नाही अशा माणसालाही हद्दीत घेता येतं, हे या कायद्याने दाखवलं.

बायकांच्या पगाराबद्दल थोडक्यात पण ठासून. युनियनची सही आहे म्हणून ग्रेड न्याय्य ठरत नाही. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईच्या कंपनीत १९७५ च्या करारानंतर स्त्री स्टेनोग्राफरना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार पडला. कंपनी म्हणाली, हा तर युनियनशी झालेला करार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ते मानलं नाही. आपल्याकडे पॅकिंग आणि असेंब्लीच्या लाइनवर अजूनही 'हलकं काम' अशी ग्रेड दिसते आणि तिच्यात योगायोगाने सगळ्या बायकाच असतात. तुमच्या करारात अशी ओळ असेल तर पुढच्या वेळी ती काढाच.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. पुढचं मागणीपत्रक लिहिण्याआधी कंपनीकडून ठेकेदारांची नावं, प्रत्येकाकडची माणसं आणि त्यांचे प्रत्यक्ष हातात पडणारे पगार मागून घ्या. कंपनी देत नसेल तर मुलांच्याच पगारस्लिपा गोळा करा. कंत्राटी कामगाराला सभासद करून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. तुमच्या युनियनच्या घटनेत अडचण असेल तर सर्वसाधारण सभेत घटना बदला आणि त्याची वर्गणी कमी ठेवा. मान्यतेच्या मोजणीत तो नसेल, पण गेटवर तो तुमच्याबरोबर उभा असेल.

मागणीपत्रकात कंत्राटी दर खालच्या ग्रेडच्या अमुक टक्क्यांना बांधून मागा, म्हणजे तुमचा पगार वाढला की त्यांचा आपोआप वाढेल. निवृत्तीने रिकामी होणारी जागा कंत्राटींच्या सेवाज्येष्ठता यादीतूनच भरायची, असं लिहून घ्या. कॅन्टीन, बस, सेफ्टी शूज आणि मेडिक्लेम यांत फरक नको. ठेकेदाराला कोणती कामं देता येणार नाहीत त्याची यादी कराराला जोडा. आणि सही शक्यतो सरकारी कामगार खात्याच्या समेट अधिकाऱ्यासमोर करा. आपसातला करार जुन्या कायद्यात सह्या करणाऱ्यांपुरताच बांधील असायचा, समेटातला करार आस्थापनेतल्या सर्व कामगारांना आणि पुढे लागणाऱ्यांनाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. औद्योगिक संबंध संहितेत एकट्या युनियनला वाटाघाटीचा हक्क मिळवायला ५१ टक्के कामगार सभासद लागतात, नाहीतर किमान वीस-वीस टक्के सभासद असलेल्या युनियनांची मिळून वाटाघाटी परिषद बसते. तुमच्या कारखान्यात दोन गट असतील तर भांडण आताच मिटवा. त्याच संहितेत मुदतीच्या कराराने नेमलेल्या माणसाला तशाच कामासाठी कायम कामगाराइतकं वेतन आणि भत्ते द्यायची तरतूद आहे, आणि वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीही. ठेकेदाराकडची मुलं निदान मुदतीच्या थेट नेमणुकीत आणा असा आग्रह तुम्ही धरू शकता. कायमपणाला हा पर्याय नव्हे, मुदत संपली की नोकरी संपते. पण आजच्यापेक्षा त्याचा पगार तुमच्या ग्रेडच्या जवळ येईल.

गेट मीटिंगमध्ये कायम कामगार विचारतील, त्यांना दिलं तर आमचं कमी होणार ना? होईल, थोडं होईल. तेव्हा वरचाच हिशेब फळ्यावर मांडा. कायम आणि कंत्राटी समसमान असतील आणि ९,००० तल्या १,००० रुपयांची वाट कंत्राटींकडे वळवली, तर खालच्या ग्रेडला ३०,००० मिळतात आणि कंत्राटीला १९,०००. गुणोत्तर १.७२ ऐवजी १.५८. महिन्याच्या त्या हजार रुपयांत, कंपनी उद्या तुमच्या जागी ज्याला स्वस्तात उभं करू शकते, तो माणूस तेवढा स्वस्त राहत नाही. वीस वर्षं मशीन चालवणारे हे चटकन ओळखतात, कारण त्यांच्याच शेजारच्या मशीनवर रिकामी झालेली जागा कशी भरली गेली ते त्यांनी पाहिलं आहे. त्यांना आधी विश्वासात घ्या आणि ठराव त्यांच्यापैकीच कोणाला तरी मांडायला सांगा.